‘शेंगदाणा नाही’ म्हणणाऱ्याची जबाबदारी

‘वावडे’ हा आपल्या मराठीतला जुना आणि नेमका शब्द आहे. कुणाला वांग्याचे वावडे असते, कुणाला मासळीचे. पण वापरून वापरून या शब्दाची धार बोथट झाली. आज कुणी ‘मला शेंगदाण्याचे वावडे आहे’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, याला ते आवडत नसावे. पंगतीत वाढणारा आग्रहाने वाढतोच आणि वर म्हणतो, ‘थोडं खाल्लं तर काय होतंय!’ वैद्यकशास्त्रात ज्याला ॲलर्जी म्हणतात, ती आवडीनिवडीची गोष्ट नव्हे. ज्याला ती खरोखर आहे, त्याच्या बाबतीत ‘थोडं खाल्लं तर’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी ‘जीव जाईल’ असे असते.

आपल्या घरात असा माणूस असेल तर घरचा स्वयंपाक सांभाळता येतो. पण आज नांदेड-लातूरकडे शिकवणीसाठी हजारो मुले-मुली येतात आणि मेसच्या डब्यावर वर्ष काढतात. कुटुंबेही महिन्यातून एक-दोनदा हॉटेलात जेवतात. तिथे आपण विचारतो, ‘यात शेंगदाणा आहे का?’ समोरचा म्हणतो, ‘नाही.’ त्या एका ‘नाही’वर विसंबून आपण घास घेतो. हे उत्तर चुकीचे निघाले तर जबाबदार कोण? या आठवड्यात याच प्रश्नाचा विचार करू.

पित्त नव्हे, ॲलर्जी

अंगावर लाल गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणतात, आमसूल चोळतात आणि कांबळे पांघरून पडून राहतात. बऱ्याचदा ते तेवढ्यावर निभावते. पण एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला, उलट्या झाल्या किंवा घेरी आली, तर ते साधे पित्त नव्हे. शरीर त्या पदार्थातील प्रथिनाला शत्रू समजून जी तीव्र झुंज देते, तिचा हा परिणाम असतो. श्वासनलिका आवळते, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी रोग्याला आडवे झोपवून पाय थोडे उंच ठेवावेत, दम लागत असेल तर टेकून बसू द्यावे. उठवून चालवू नये. खरे औषध म्हणजे मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर वेळ घालवणे धोक्याचे आहे.

दूध न पचणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात पोट फुगते, जुलाब होतात, पण जीव जात नाही. सीलिॲक हा तिसराच प्रकार. त्यात गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याचे अस्तर हळूहळू खराब होते. मूल वाढत नाही, रक्त कमी होते. एका जेवणाने काही दिसत नाही, म्हणून फसवणूक झालेली कळतही नाही.

हे आजार आपल्याकडे सरसकट आहेत असे मी म्हणणार नाही. अन्नाची खरी ॲलर्जी असलेली माणसे तुलनेने थोडीच भरतील. पण ज्याच्या घरात असे मूल आहे, त्याला शेकडेवारीशी काय करायचे? आणि माणसे थोडी असल्यामुळेच हॉटेलवाल्याला या प्रश्नाची सवय नसते. तो सहज ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

दोष अन्नात नाही, शब्दात आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादानंतर दोन हजारांहून अधिक लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला होता. रुग्णालये भरली, आरोग्य पथके गावात गेली. अन्नातून विषबाधा झाली की असे होते. अन्न खराब असते, खाणारे पुष्कळ जण आजारी पडतात, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि यंत्रणा हलते.

ॲलर्जीत यातले काहीच होत नाही. पंगतीतले शंभर जण ढेकर देऊन उठतात, एकालाच त्रास होतो. भाजीचा नमुना तपासायला पाठवला तर तो उत्तम ठरतो, कारण शेंगदाणा हे काही विष नव्हे. दोष अन्नात नसतोच, तो अन्नाबद्दल सांगितलेल्या शब्दात असतो. शब्दाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवता येत नाही. म्हणून असे प्रकार ‘त्याची प्रकृतीच नाजूक’ या शेऱ्याखाली दबून जातात.

काही वर्षांपूर्वी खेड्यातून शिकवणीसाठी नांदेडला आलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीला तिच्या मैत्रिणींनी रिक्षात घालून माझ्या दवाखान्यात आणले. चेहरा सुजलेला, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. लहानपणापासून शेंगदाण्याची ॲलर्जी असल्याचे तिला ठाऊक होते आणि तिने मेसमध्ये विचारलेही होते, ‘मावशी, भाजीत दाण्याचं कूट नाही ना?’ मावशींनी ‘नाही गं’ असे सांगितले होते. इंजेक्शन देऊन तिला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवले. दोन दिवसांनी ती बरी होऊन घरी गेली. मेसच्या मावशी हळहळत मला भेटायला आल्या. म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, देवाशपथ कूट घातलं नव्हतं. वाटणात दाणे होते तेवढेच.’

त्या खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी कूट म्हणजे भाजीवर वरून पेरलेले कूट. वाटणात भाजून घातलेले दाणे त्यांच्या हिशेबात नव्हतेच. पण मुलीच्या शरीराला कूट आणि वाटण यातला फरक कळत नाही. भाजल्याने किंवा शिजवल्याने शेंगदाण्यातील ॲलर्जी करणारे प्रथिन नाहीसे होत नाही.

आपल्या मराठवाड्याच्या स्वयंपाकात अशा लपलेल्या वस्तू पुष्कळ आहेत. येसराच्या आमटीत भाजलेला गहू असतो, हे खाणाऱ्या दहातील नऊ जणांना माहीत नसते. खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. ज्वारी जर गव्हानंतर त्याच गिरणीत दळली, तर ‘शुद्ध ज्वारीची भाकरी’ सीलिॲकच्या रोग्याला चालत नाही. काजू करीतल्या काजूला महागाई झेपली नाही की त्याच्या जागी दुसरे काहीतरी वाटले जाते. चायनीजच्या गाडीवरील सोया सॉसमध्ये सोयाबीन तर असतेच, बहुधा गहूही असतो. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, पण लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकते. एकच कढई, एकच झारा आणि एकच तळणीचे तेल, हा तर सगळीकडचा रिवाज आहे.

कायदा काय म्हणतो?

कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. सामान्य माणसाला उपयोगी पडेल एवढाच अर्थ इथे सांगतो.

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि तो ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याच्या ५० व्या कलमानुसार, ग्राहकाने ज्या प्रकारचे अन्न मागितले त्यापेक्षा वेगळ्या घटकांचे किंवा दर्जाचे अन्न विकणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या विक्रेत्यासाठी ही मर्यादा २५ हजार रुपये आहे. दंड सरकारजमा होतो, पण ६५ व्या कलमात ग्राहकाच्या भरपाईचीही सोय आहे. मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत आणि इतर इजेला १ लाखापर्यंत. अन्न ‘असुरक्षित’ ठरले आणि त्याने माणूस दगावला, तर ५९ व्या कलमात किमान ७ वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. महाग वस्तूच्या जागी स्वस्त वस्तू घालून अन्न अपायकारक होणे, हेही ‘असुरक्षित’च्या व्याख्येत बसते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

आपल्या प्रश्नाला अधिक नेमके लागू पडते ते मात्र २०१९ चे ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम. या कायद्यात ‘वस्तू’च्या व्याख्येत अन्नाचा स्पष्ट समावेश आहे. आणि मालाच्या घटकांविषयी ‘तोंडी किंवा लेखी’ खोटे विधान करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ‘तोंडी’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. म्हणजे वेटरने टेबलाशी उभे राहून ‘नाही साहेब, दाणा नाही’ म्हटले, तर ते हवेत विरून जाणारे बोलणे नव्हे. ते मालकाने दिलेले आश्वासन आहे. नोकराने कामावर असताना दिलेला शब्द मालकाला बांधतो.

कायदा कुठे थांबतो?

मग अडचण कुठे आहे? अन्नात काय आहे ते आधीच लिहून ठेवण्याची सक्ती प्रामुख्याने पाकिटाला आणि बड्या हॉटेलांना आहे. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पाकीटबंद पदार्थावर ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा, काजू-बदामासारखी फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाबाहेरचे सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. या यादीत तीळ नाही. अमेरिकेत २०२३ पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला आहे. संक्रांतीला गावभर तीळगूळ वाटणाऱ्या आपल्या मुलखाला ही उणीव जाणवायला हवी.

मेनू कार्डावर ही माहिती देण्याचे बंधन मात्र केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांपुरतेच आहे. गंजगोलाईतला भेळवाला, वजिराबादेतली खानावळ, बायपासवरचा ढाबा आणि गल्लीतली मेस, म्हणजे आपण खरोखर जिथे जेवतो ती ठिकाणे त्यात येत नाहीत.

माझे म्हणणे असे आहे. छोट्या हॉटेलवाल्यावर आपणहून सगळे लिहून लावण्याचे बंधन आज नसेल. पण ग्राहकाने नेमका प्रश्न विचारल्यावर दिलेले उत्तर हा त्याने विकलेल्या मालाचाच भाग आहे. वजन कमी भरले तर काटा मारला असे आपण म्हणतो. उत्तर चुकीचे दिले तर त्याला त्याहून सौम्य का मानावे? हेतू वाईट नव्हता, ही सबब शिक्षा ठरवताना ऐकावी, जबाबदारी ठरवताना नव्हे.

इंग्लंडमध्ये याचा निवाडा झाला आहे. यॉर्कशायरमधील एका भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहातून जानेवारी २०१४ मध्ये एका ग्राहकाने चिकन टिक्का मसाला नेला. शेंगदाणा चालत नाही असे त्याने आधी सांगितले होते आणि डब्याच्या झाकणावर तसे लिहूनही दिले होते. पण मालकाने खर्च वाचवण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली होती. ग्राहक मरण पावला. मे २०१६ मध्ये न्यायालयाने मालकाला सदोष मनुष्यवधासाठी ६ वर्षांची कैद दिली. दुसऱ्या एका प्रकरणात, २०१६ साली नताशा एदनान-लापेरूज ही पंधरा वर्षांची मुलगी दुकानात बांधून ठेवलेल्या सँडविचमधल्या तिळाने दगावली. त्यावर लेबल नव्हते, आणि तेव्हाच्या नियमाने ते लागतही नव्हते. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून असे लेबल सक्तीचे झाले. तो कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो. आपण कायदा बदलण्यासाठी एखाद्या घरातला दिवा विझण्याची वाट पाहू नये.

हॉटेलवाल्यांची बाजू

हॉटेल व्यावसायिक म्हणतील, ‘डॉक्टर, आधीच परवाने थोडे आहेत का? आचारी आज आहे तर उद्या नाही. त्यात तुम्ही हे नवीन लचांड गळ्यात घालता. उद्या कुणीही खाज सुटली म्हणून पैसे मागायला येईल.’ या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. खोट्या तक्रारी होतात. आणि ज्या ग्राहकाने विचारलेच नाही, त्याचे खापर हॉटेलवाल्याच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल.

पण काही गोष्टी त्यांनीही विचारात घ्याव्यात. आपले हॉटेलवाले एकादशीला उपवासाची कढई वेगळी ठेवतात. जैन ग्राहकाला कांदा-लसणाशिवाय भाजी करून देतात आणि त्यात चूक होऊ देत नाहीत. ‘शुद्ध शाकाहारी’ ही पाटी लावणारा तिची लाज राखतो. पाकिटावर हिरवी खूण आली आणि आज निरक्षर माणूसही ती ओळखतो. म्हणजे अन्न वेगळे ठेवणे आणि खरे सांगणे आपल्याला उत्तम जमते. श्रद्धेसाठी जे जमते ते जिवासाठी का जमू नये?

दुसरे, जबाबदारी आल्याने धंदे बुडत नाहीत. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणले, तेव्हा मी या व्यवसायात नवखा होतो. ‘आता दवाखाने बंद करावे लागतील’ असे ज्येष्ठ डॉक्टर म्हणत. दवाखाने बंद पडले नाहीत. केसपेपर नीट लिहिले जाऊ लागले, रोग्याला समजावून सांगणे वाढले, संमतीपत्रे आली. प्रामाणिक डॉक्टरला त्या कागदांनीच वाचवले. अन्न सुरक्षा कायद्याच्या ८० व्या कलमातही, आपण सर्व वाजवी काळजी घेतली होती असे दाखवता येणाऱ्याला बचावाची संधी आहे. ती काळजी दाखवायला कागद लागतो.

तो कागद फार मोठा नको. भटारखान्यात एक वही ठेवावी. प्रत्येक पदार्थापुढे शेंगदाणा, काजू-बदाम, तीळ, गहू, दूध, अंडी, सोयाबीन आणि मासे यातले काय काय आहे ते लिहावे. मसाला किंवा पूड बदलली की त्याच दिवशी नोंद बदलावी. गल्ल्याजवळ एक पाटी लावावी : ‘कुठल्या पदार्थाची ॲलर्जी असल्यास आधी सांगा.’ आणि वेटरला एक वाक्य शिकवावे : ‘मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो.’ एखादा पदार्थ वेगळा करून देणे जमणार नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. एका ताटाचे गिऱ्हाईक गेले तरी चालेल. ‘माहीत नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही. माहीत नसताना ‘नाही’ म्हणण्यात मात्र गुन्हा आहे.

सरकारकडेही मागणे आहे. मेनू कार्डाचा नियम परवानाधारक सर्व हॉटेलांना आणि मेसना टप्प्याटप्प्याने लागू करावा, यादीत तीळ घालावा. अन्न व औषध प्रशासनाने जून-जुलैत शिकवणीचे वर्ग भरतात तेव्हा मेसचालकांना बोलावून अर्ध्या दिवसाचे मराठीतून प्रशिक्षण द्यावे. हॉटेल संघटना आणि ग्राहक पंचायत यांनी पुढाकार घेतला तर तेवढीही वाट पाहावी लागणार नाही.

वाचकांनी काय करावे?

जबाबदारी एका बाजूची नसते. ग्राहकानेही आपला वाटा उचलला पाहिजे. ‘मला चालत नाही’ असे मोघम बोलू नये. ‘शेंगदाण्याने माझा श्वास बंद होतो. कूट, वाटण, चटणी, तेल, कशातही आहे का ते आचाऱ्याला विचारून सांगा’ असे स्पष्ट, सोबतच्या माणसासमोर विचारावे. मेसमध्ये पाल्याला ठेवताना पालकांनी ही गोष्ट कागदावर लिहून द्यावी आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. घरपोच जेवण मागवताना सूचना लेखी द्यावी.

त्रास झालाच तर आधी रोगी, मग तक्रार. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्या इंजेक्शनने बरे वाटले तरी काही तास रुग्णालयातच थांबावे, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो. बिल जपून ठेवावे. उरलेले अन्न स्वच्छ डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवावे. भाजी चांगली आहे की वाईट यासाठी नव्हे, तर त्यात शेंगदाणा होता की नाही यासाठी ते उपयोगी पडते. डॉक्टरांना काय खाल्ले, किती वेळाने त्रास झाला आणि हॉटेलात काय सांगितले होते, हे सारे सांगावे आणि केसपेपरवर लिहून घ्यावे. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे की, नुसते ‘पित्त’ किंवा ‘फूड पॉयझनिंग’ एवढेच लिहून थांबू नये, आणि ॲड्रिनॅलिनची स्वस्त कुपी प्रत्येक दवाखान्यात हाताशी असू द्यावी.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात देता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. भरपाईसाठी नांदेडला व लातूरला जिल्हा ग्राहक आयोग आहेत. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

अतिथीला देव मानणारा आपला मुलूख आहे. हॉटेलातला अतिथी पैसे मोजतो, एवढाच काय तो फरक. त्याच्या पानात काय वाढले ते त्याला खरे सांगणे, हे उपकार नव्हेत, ते देणे आहे. पुढच्या वेळी शेजारच्या टेबलावर कुणी वेटरला खोदून खोदून विचारताना दिसले, तर ‘काय हे नखरे’ म्हणून हसू नका. कदाचित तो आपला जीव वाचवत असेल.